मोटरीच्या वखताचं औषध

नातसुनेनं काल लेकरासाठी औषधाची बाटली उघडली, तो कडवट वास नाकात शिरला आन् मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमची पहिली पोरगी, तीन वर्षांची, तापानं फणफणली होती. कळमनुरीच्या डाक्टरानं लाल औषध दिलं, बाटलीला डोसाच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवलेली. "सकाळ, दुपार, रात्र. वेळ चुकवायची नाही," म्हणाला. आमच्या घरी घड्याळ कुठलं? नांदेडची मोटर गावावरनं जायची, तीच आमची दुपार. तिसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं, सावली न्हाई, आन् पोरगी पहिल्यांदाच गाढ निजली. बायको म्हणाली, "वखत झाला वाटतं, उठवू का?" मी म्हणालो, "मोटर कुठं आली अजून? काहून घाई करून राहिली? निजू दे तिला." मोटर त्या दिवशी वाटेत बिघडली होती. ती आली तवा दिवस कलला होता. बायकोनं चमच्यात औषध घेऊन हाक मारली, पण पोरगी निजेतच गेली होती. आपणच मारलं, असं धरून मी बायकोच्या नजरेला नजर न देता जन्म काढला. गेल्या साली ती अंथरुणाला खिळली, तवा मी इचारलं, "माझा राग न्हाई का तुला?" ती म्हणाली, "दुपार टळली ते मला बी समजलं होतं. इतकी निवांत निजली होती, उठवायला माझाच जीव झाला न्हाई. तुमाला कदी सांगितलं न्हाई." मंग इतके साल आमी दोघं येगळे येगळे काहून रडलो, हे इचारायच्या आत ती गेली.