सहीसाठी पायरीवर

सागर ग्राउंडवर आला, पण चपला घालूनच. बाकीची टीम वॉर्म-अप करत होती. तो सरळ जाऊन स्टेडियमच्या पायरीवर बसला.

"किट कुठाय?" मी विचारलं.

"घरात हाय, सर. तीन सीझनच्या करारावर सही झाल्याबिगर बूट घालणार न्हाय."

मी कोल्हापुरातल्या एका फुटबॉल क्लबचा कोच. शाहूवाडीचा सागर आमचा होल्डिंग मिडफिल्डर. म्हणजे बचावफळीच्या पुढं उभं राहून समोरच्यांचे हल्ले तोडायचे आणि तिथूनच आपला खेळ सुरू करून द्यायचा. प्रत्येक बॉल त्याच्या पायातून फिरायचा. क्लब मात्र दरवर्षी एकाच सीझनचा करार करायचा.

मी त्याला घेऊन सेक्रेटरींकडं गेलो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

"उद्या तुझा गुडघा गेला, तर तीन सीझन बसवून पगार द्यायचा व्हय तुला?" अण्णांनी विचारलं.

"त्यासाठीच मागतोय की, अण्णा! गुडघा गेल्यावर कोण इचारतंय?"

दोघांचंही खरं होतं. त्यामुळं कुणीच हललं नाही.

सागर रोज यायचा, पायरीवर बसायचा. सुरुवातीला तिथूनच ओरडायचा, "मागं बघ की! मागं माणूस हाय!" खेळणारेही त्याच्याकडं बघायचे. पण लीग जवळ आली होती. मी त्याच्या जागी दोघांना उभं केलं. सागरसारखा लांब पास त्यांना जमत नव्हता, म्हणून बॉल न थांबवता एका टचमध्ये पुढं सोडायला शिकवलं. आधी नुसता घोळ झाला. मग जमायला लागलं. खेळाचा वेग वाढला. पायरीवरून आवाज यायचा बंद झाला.

लीग तोंडावर आल्यावर अण्णा नमले. सागरनं सही केली, सगळ्यांना पेढे वाटले आणि बूट घालून उतरला. बॉल आला. त्यानं सवयीनं थांबवला, मान वर केली. तोवर सगळे पुढं पळालेले.

पहिल्या मॅचला मी त्याला बेंचवर ठेवलं.

"सर, करार झालाय की आता!"

"करार क्लबनं केलाय, सागर. टीम आता वेगळी खेळतीय."

तो बेंचवर जाऊन बसला. त्या सीझनला त्याला शेवटची पाच-दहा मिनिटं मिळायची, तीही कधीतरी. पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लबनं त्याला मागितलं. अण्णांनी सोडलं नाही. करार तीन सीझनचा होता.

एवढा चांगला प्लेअर बसून राहिला, याची हळहळ आजही वाटते. हल्ली कुणी करारासाठी अडून बसतो म्हणाला, तर मी त्याला चूक म्हणत नाही. एवढंच सांगतो, टीम आपल्यासाठी थांबत नाही. आपल्याशिवाय खेळायला शिकते.