समोरच्या खिडकीतली आठ गणितं

आधीच कबूल करते, ह्या ग्रुपवर मी आले ती टर उडवायला. कुणाच्या मावसदिराला घाटात बाई दिसली, कुणाच्या बंद रेडिओवर भजन लागलं... असलं वाचायचं, नवऱ्याला वाचून दाखवायचं आणि दोघांनी पोट धरून हसायचं, हा आमचा रविवारचा उद्योग. मी लॅबमध्ये काम करणारी बाई. ज्या बाटलीवर लेबल नाही ती बाटली सरळ कचऱ्यात, एवढं माझं तत्त्वज्ञान. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी चालेल. माझी पाळी आली म्हणायची!

आम्ही डच लोकांच्या देशात, लायडनला राहतो. मी, नवरा नितीन आणि मुलगी सई. गल्ली इतकी अरुंद की समोरच्यांच्या टेबलावर आज चीज आहे की जॅम ते आपल्या ओट्यापाशी उभं राहून कळतं. पडदे लावायची इकडे पद्धत नाही. सुरुवातीला मला कसंसंच व्हायचं, मग सवय झाली.

बरोब्बर समोर टिनेकेबाई राहतात. वय ब्याऐंशी, एकट्या, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेलं. नावापुढे 'बाई' मीच लावलं, कारण गणिताच्या मास्तरणीला नुसतं नावाने हाक मारायची म्हणजे सांगलीच्या माझ्या शाळेतल्या बाई स्वप्नात येऊन कान उपटतील.

आता माझं दुखणं सांगते. माझी टी. वाय. बी.एस्सी. लग्नाच्या मुहूर्तावर अर्पण झाली. "तिकडे जाऊन पूर्ण कर की," असं सगळेच म्हणाले. तिकडे म्हणजे इकडे. इकडे आल्यावर सई झाली, भाषा शिकायची होती, एक ना दोन. शेवटी सायन्स पार्कमधल्या एका लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागले. काचसामान धुवायचं, लेबलं लावायची. विश्लेषकाचं काम मला येत होतं, शेजारच्या पोरी अडल्या की मलाच विचारायच्या. पण त्या जागेसाठी बॅचलर डिग्री हवी म्हणजे हवी. म्हणून चाळिशीत विद्यापीठात नाव घातलं. नोकरी, घर आणि अभ्यास... सहा वर्षं!

डिग्रीला एकशे ऐंशी क्रेडिट्स लागतात. स्टॅटिस्टिक्समध्ये मी पहिल्याच फटक्यात सहा मिळवले. दहापैकी सहा. इथे सहा म्हणजे पास, माझ्या वर्गातली पोरं सहा मिळाले की बिअर उघडतात. पण मी सांगलीची! दहात सहा म्हणजे साठ टक्के, आणि साठ टक्के कुणाला तोंड वर करून सांगायचे? नितीन म्हणाला, "अगं, पास झालीस ना, सोड आता." ऐकेन तर शपथ. मार्क सुधारायला परत बसले आणि मिळाले पाच. आमच्या कोर्सचा नियम असा की शेवटचा निकाल धरायचा. म्हणजे झालेला पास गेला, पाच क्रेडिट्स गेले, हातात राहिले एकशे पंचाहत्तर. वर विभागाचं पत्र, की जुना अभ्यासक्रम यंदा बंद होतोय, मार्चची परीक्षा ही शेवटची. ती हुकली की सहा वर्षं पाण्यात. आपल्याच हाताने पायावर धोंडा, दुसरं काय!

हे सगळं मी टिनेकेबाईंना दीड मीटर अंतरावरून, त्यांच्या दारासमोर उभी राहून सांगितलं. दुसरा लॉकडाऊन चालू होता. त्यांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोन निरुपयोगी. त्या म्हणाल्या, "पास झालेल्या परीक्षेला परत बसणारी माझ्या बघण्यातली तू पहिली." मग आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खिडकीत फळा! स्टँडवरचा, खडूचा, तोंड आमच्याकडे. वर एक गणित. मी कामावरून आले की सोडवायचं, मोठ्या कागदावर मार्करने उत्तर लिहून आमच्या खिडकीला धरायचं. बरोबर असेल तर त्या एकदा मान हलवायच्या. चूक असेल तर करंगळी उभी धरायच्या. करंगळी म्हणजे 'एक कमी'. कारण माझी चूक ठरलेली. थोडेच नमुने घेऊन विचरण, म्हणजे व्हेरिअन्स, काढताना एकूण संख्येने नाही, एक वजा करून भागायचं असतं. मी घाईत दर वेळी विसरायची. दर वेळी! आणि ती बाई दर वेळी, चेहऱ्यावर आठी न आणता, करंगळी उभी धरायची. मी सईला एका गुणाकारासाठी तीनदा ओरडते. ह्यांचा हा पेशन्स कुठल्या दुकानात मिळतो, असं वाटायचं. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, एक दिवस खाडा नाही.

फेब्रुवारीत बर्फ पडला आणि त्याच आठवड्यात दुपारी त्यांच्या दारात ॲम्ब्युलन्स आली. कोरोना. त्यांना चाकांच्या खाटेवर बाहेर आणलं तेव्हा मी खिडकीत होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, केस विस्कटलेले. त्यांचा हात वर झाला तो निरोपाचा असेल असं मला वाटलं. ती करंगळी होती. आदल्या दिवशीचं माझं उत्तर चुकलेलं, ते सांगायचं राहिलं होतं.

मी रडले हो. भांडी घासता घासता रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सई दात घासत खाली आली आणि डचमध्ये म्हणाली, "आई, समोर नवीन गणित आहे." मी बघितलं. होतं. त्यांचंच अक्षर, सातच्या पोटात आडवी रेघ. मला काही म्हणजे काही विचित्र वाटलं नाही. मी म्हटलं, ह्या लोकांचं सगळं डायरीत आधीच लिहिलेलं असतं, वाढदिवसाची कॉफीसुद्धा तीन आठवडे आधी ठरते. बाईंनी त्यांच्या पुतण्याला यादी दिली असणार आणि तो रोज सकाळी येऊन लिहून जात असणार. मी गणित सोडवलं, कागद खिडकीला धरला. पलीकडे मान हलवायला कुणी नव्हतं, तरी धरला.

दुसरा दिवस, नवीन गणित. तिसरा दिवस, नवीन. चौथं तर असलं बिकट की मला दोन तास लागले.

पाचव्या दिवशी मला लाज वाटली. तो पुतण्या, यान त्याचं नाव, बिचारा बर्फातून येतो आणि आपण साधं थँक्यू म्हणत नाही? त्याला मेसेज केला. लगेच त्याचा फोन.

"कसली गणितं?" तो म्हणाला. "मी तिकडे उत्तरेत, ग्रोनिंगनमध्ये आहे. मलाही कोरोना झालाय, दहा दिवस घराबाहेर पडलेलो नाही."

"मग किल्ली कुणाकडे दिलीय?"

"कुणाकडे नाही. एकच जादा किल्ली आहे, ती माझ्या टेबलावर आहे." मग म्हणाला, "काकूला झोपवून ठेवलंय. व्हेंटिलेटरवर आहे. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?"

मी फोन ठेवला आणि समोरच्या पायरीकडे बघितलं. ॲम्ब्युलन्स गेल्यावर त्याच रात्री पुन्हा पडलेला बर्फ, चार दिवसांनीही पायरीवर जसाच्या तसा. त्यावर पावलाचा सोडा, मांजराचा ठसा नव्हता. मागच्या बाजूला नुसतं कालव्याचं पाणी, तेही गोठलेलं.

नितीनला वरून बोलावलं. तो मीटिंग म्यूट करून, हेडफोन गळ्यात अडकवून आला. "आहे की लिहिलेलं. कालचंच असेल."

"कालचं वेगळं होतं. हे बघ, वहीत उतरवलंय."

"अक्षर तुझं आहे."

"उतरवलं तर माझंच असणार ना, शहाण्या!"

फोटो काढ म्हणाला. तीन काढले. बाहेर बर्फावर ऊन चकचकत होतं, तिन्ही फोटोंत समोरच्या काचेत आमचंच घर आणि ओट्यापाशी मी. शेवटी नितीनने निकाल दिला, "तुझ्यावर ताण आहे. गणितं तूच घालतेस आणि तूच सोडवतेस."

"मीच घातलं असतं तर चौथ्याला दोन तास का लागले असते?" ह्यावर तो परत मीटिंगला गेला.

खोटं कशाला सांगू, सहाव्या आणि सातव्या दिवशी मी घाबरत घाबरत खिडकीपाशी गेले. पण घाबरले तरी परीक्षा चुकत नव्हती. गणित समोर आहे, सोडवायचं. आणि दुसरंही एक मनात होतं, की जोवर गणित येतंय तोवर बाई आहेत.

आठव्या दिवशी फळ्यावर फक्त पाच आकडे होते. 11, 14, 17, 20, 23. खाली, विचरण काढ. एवढं सोपं? मला वाटलं, बाई दमल्या. उभ्या उभ्या केलं, 18 लिहिलं, कागद काचेला धरला आणि लॅबला पळाले.

नवव्या दिवशी सकाळी फळा कोरा होता. पुसलेला नाही, कोरा. खडूचा पांढुरकेपणासुद्धा नाही. मी ओट्याला धरून खाली बसले. सई घाबरली. माझ्या मनात जे आलं ते तुमच्याही मनात आलं असेल.

दुपारी यानचा मेसेज आला. तो सईने उघडला. टिनेकेबाईंना त्याच सकाळी उठवलं होतं. नळी काढली, स्वतः श्वास घेतायत. पुढे त्याने लिहिलेलं, "आवाज फुटत नाही म्हणून नर्सने कागद दिला. तीनदा हेच लिहिलं. नर्सला वाटतं गोंधळल्यात. वर तुमचं नाव आहे म्हणून पाठवतो."

खाली फोटो. थरथरतं अक्षर, पण पहिलीतल्या पोरालाही वाचता येईल असं.

अनघा. 18 नाही. 22,5. एक कमी!

मी वही उघडली. नव्वद भागिले पाच, अठरा. एक वजा करून, नव्वद भागिले चार, साडेबावीस. तो अठराचा कागद मी एका बंद, थंड घराला दाखवला होता. नितीनलासुद्धा दाखवला नव्हता. नितीनने वही बघितली, फोन बघितला, परत वही बघितली आणि त्या दिवशी पहिल्यांदा न विचारता चहा केला.

मार्चमध्ये परीक्षा झाली, घरूनच, कॅमेऱ्यासमोर. त्या दिवशी गल्लीत पडदा लावलेलं एकच घर होतं, आमचं. समोर काही उमटलं असतं आणि कॅमेऱ्याने पकडलं असतं तर कॉपी केली म्हणून गेले असते कामातून! तिसरा प्रश्न विचरणाचाच आला. घाईत भागायला निघाले होते, हात आपोआप थांबला. करंगळी आठवली.

निकाल लागला. सहा.

टिनेकेबाई मे महिन्यात घरी आल्या. निम्म्या झालेल्या, हातात काठी. जिना चढायचा सराव रोज एक पायरी वाढवत करायच्या, पायऱ्यांची नोंद वहीत. तक्रार शून्य. मी त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर, दीड मीटर सोडून, माझी वही ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी लाल पेन्सिल मागितली. आठही गणितं तपासली, चौथ्यात एक पायरी गाळली होती तिथे खूण केली. मग म्हणाल्या, "ही मी घातलेली नाहीत. मला फक्त झोप आठवते." पानं परत चाळली. "पण घातली असती तर ह्याच क्रमाने घातली असती."

"आणि तो हॉस्पिटलमधला कागद?"

"तो माझा आहे. अक्षर माझंच. पण का लिहिला, माहीत नाही." मग खांदे उडवून म्हणाल्या, "एखादा आकडा बाकीच्यांत बसत नाही म्हणून खोडायचा नसतो. आहे अशी नोंद करायची आणि पुढे जायचं." माझ्या हातून असं भुतासारखं काही लिहिलं गेलं असतं तर मी दहा गावांना सांगत सुटले असते. आता सांगतेच आहे म्हणा.

उन्हाळ्यात पदवीदान झालं. छोटंसंच, प्रत्येकी एक पाहुणा. नितीनने स्वतःची जागा टिनेकेबाईंना दिली, ह्यासाठी त्याला मी दोन वर्षांचे सगळे गुन्हे माफ केले. इथे डिग्रीवर विद्यार्थ्याने स्वतः सही करायची असते. मी घाईघाईने पेन टेकवलं, तर पहिल्या रांगेतून काठी जमिनीवर ठक्क वाजली. घाई नको!

घरी आलो तर त्यांच्या दारावर झेंडा. शाळेची शेवटची परीक्षा पास झालेल्या पोरांसाठी इथे घराबाहेर झेंडा लावतात आणि काठीला त्याचं दप्तर टांगतात. खरं तर हा मान सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा. टिनेकेबाईंनी सईला कटात घेतलेलं. तिने माझं दप्तर म्हणून दिली ती सांगलीच्या साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, सहा वर्षं मी त्यातूनच पुस्तकं नेली. लाल-पांढऱ्या-निळ्या झेंड्याखाली ती मळकी पिशवी हलत होती आणि मी भर गल्लीत हुंदके देत होते.

"सहाच मिळाले पण," मी नाक पुसत म्हटलं. "परत बसू का?"

त्यांनी काठी उगारली. सगळी गल्ली हसली.

आता मी विश्लेषक आहे. ग्रुपवरच्या शहाण्यांनो, शक्यतांची यादी माझीही करून झालीय. दुसरी किल्ली नव्हती. पायरीवर पाऊल नव्हतं. मला भास म्हणाल तर सईलाही झाला, आणि दवाखान्यातल्या कागदाला तर भास म्हणता येत नाही. उत्तर माझ्याकडे नाही.

त्या संध्याकाळी झेंडा उतरवताना मी टिनेकेबाईंना शेवटचं विचारलं, "तुम्हाला अठरा कसं कळलं?"

त्यांनी पिशवी सोडवून माझ्या हातात दिली. "ते मला नाही सांगता येणार. पण मी घरात नाही हे तुला माहीत होतं. मग तू आठवा कागद रिकाम्या खिडकीला का धरलास?"