शेवंताअक्काची पंगत

शेवंताअक्का मला पहिल्यांदा दिसली ती आमच्या गणपतीच्या महाप्रसादात खोळंबा करताना. आयर्लंडमधल्या मेनूथजवळच्या एका गावात खेळाच्या क्लबचा हॉल आहे, तो आम्ही दर वर्षी भाड्यानं घेतो. आरती झाली होती, मसालेभात वाफाळत होता, पोरं भुकेनं किरकिर करत होती. पहिला घास तोंडाशी जाणार, एवढ्यात मागून आवाज आला, "थांबा! कोण राहिलं?"

हिरव्या साडीवर पुरुषी जाकीट घातलेली, पन्नाशीच्या आसपासची एक ठेंगणी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. कुणाच्या ओळखीची नाही. मी मंडळाची चिटणीस, म्हणजे सगळ्यांच्या तक्रारी अडकवायची हक्काची खुंटी, म्हणून पुढे झाले. "अहो, सगळे बसलेत. करा सुरुवात."

"सगळी कुठं? भाईर एक बाप्या उपाशी बसलाय की!"

बाहेर खरंच हॉलचा रखवालदार मायकेल आपल्या गाडीत बसला होता. आमचं आटोपलं की कुलूप लावायचं, एवढंच त्याचं काम. बाई ताडताड बाहेर गेल्या. आता आयरिश माणसाला जेवायला बोलावलं की तो आधी "आय'म ग्रँड" म्हणतो, म्हणजे नको. मनात असलं तरी तीनदा नको म्हणायची इथली रीत. आणि अक्काच्या गावी तीनदा आग्रह करायची रीत. जोडी झकास जमली. चौथ्या वेळी मायकेल टोपी काढून आत आला आणि मसालेभातासमोर मुकाट बसला. "हां," बाई म्हणाल्या, "आता करा सुरू." आम्ही पुण्याची माणसं. 'जेवून आलात ना?' असं विचारायची सवय असलेली. मी बघतच राहिले.

ती मिरजेकडची. तिकडे अळंबीच्या शेडमध्ये कामाला होती, तिथूनच एका एजंटानं तिला किल्डेअरमधल्या अळंबीच्या फार्मवर आणलं. मुलगी मिरजेत नर्सिंग शिकत होती, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप. फार्म म्हणजे शेत नव्हे बरं का. बिनखिडक्यांच्या लांबलचक खोल्या, छतापर्यंत फळ्या, आत दमट उकाडा. सरकत्या शिडीवर चढून एकेक अळंबी हलकेच पिरगळून काढायची, देठ कापायचा, डबीत लावायची. दिवसभर हेच. स्वतः मात्र तिनं कधी एक अळंबी तोंडात घातली नाही. "कुत्र्याच्या छत्र्या त्या," म्हणायची, "ज्याला खायच्या त्यानं खाव्या. मी खुडून देती, पुढचं पाप त्याचं."

रविवारी बसनं माझ्याकडे यायची. पहिल्या रविवारी मी तिला 'तुम्ही' म्हटलं, तर खेकसली, "तुम्ही-तुम्ही काय करतीस? मी काय तुझी सासू हाय?" त्या दिवसापासून अरे-तुरे. माझ्या कपाटातल्या डब्यांना ती नावं ठेवायची, माझं वरण तिला पाणचट वाटायचं, आणि भाकरी थापायला लागली की शेजारची बाई भिंतीपलीकडून चौकशी करायची, सगळं ठीक आहे ना. माझी लेक इरा मराठी समजते, पण उत्तरं देते इथल्या इंग्रजीत. "मॅम, शी इज गॅस!" म्हणाली. इथली मुलं धमाल माणसाला गॅस म्हणतात. अक्काला ते कळल्यावर म्हणाली, "व्हय, पोटात हाय तवर ठीक!"

जेवायला बसायच्या आधी मात्र दर वेळी एकच मंत्र. कोण राहिलं? घरात तिला धरून आम्ही इनमिन चार माणसं, राहणार कोण! पण ती विचारायचीच. नवरा उशिरा येणार असेल तर त्याचं पान वाढून वर दुसरं ताट पालथं घालायची. "उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठिवावं," म्हणायची, "त्याच्या नावानं बोटं मोडत बसू नगं." मी बोटं मोडतच असायचे, हे तिला बरोबर ठाऊक.

हाच मंत्र ती फार्मवरही घेऊन गेली. तिथे आधी प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात फोन बघत डबा खायचा. अक्कानं कँटीनमधली टेबलं एकमेकांना जोडली आणि जाहीर केलं, सगळी आल्याबिगर कुणी डबा उघडायचा न्हाई. भाषा कुणाची कुणाला येत नव्हती. थायलंडच्या बायका, युक्रेनचे दोन भाऊ, ब्राझीलची लुसिया. पण 'कोण राहिलं' हे दोन शब्द सगळ्यांना पाठ झाले. आणि मग एक गंमत झाली. माणसं एकत्र जेवायला लागली की बोलायला लागतात. खाणाखुणांनी, फोनवर भाषांतर करून, कसंही. कळलं, की जेवायच्या सुट्टीची वेळ सगळ्यांचीच कापली जाते. कळलं, की लुसियाच्या कामाच्या परमिटची मुदत संपली, कारण नूतनीकरणाचे कागद मालकानं पाठवलेच नाहीत. विचारलं की म्हणायचा, पुढच्या आठवड्यात. म्हणजे ती पोरगी आता बेकायदा, आणि तिला तसं करणारा मालक मात्र कायदेशीर! मालकाला ती पंगत आवडत नव्हती. का आवडावी?

इथलं परमिट हे मालकाच्या नावाला बांधलेलं असतं. नोकरी गेली की दुसरी शोधायला थोडी मुदत मिळते, ती संपली की देश सोडायचा. अक्काचे कागद चोख होते. पण तिची दोरीही त्याच मालकाच्या हातात होती.

मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी, मी घरून काम करत असताना, तिचा फोन आला. "मेधा, जरा ऐकून घे आनि विंग्रजीत सांग. छापा पडलाय." दूध उतू गेलं हे सांगावं तशा आवाजात!

तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. पुढचं सगळं मी कानांनी पाहिलं. परदेशी लोकांचे कागद तपासणारे पोलीस, म्हणजे गार्डा, आले होते आणि त्यांच्याबरोबर कामगार खात्याचे तपासनीसही. एक तुम्हाला देशाबाहेर काढू शकतो, दुसरा तुमचा हक्क मिळवून देऊ शकतो, आणि दोघं एकाच गाडीतून उतरतात. मग कामगारानं दुसऱ्याकडे तोंड उघडावं तरी कसं? सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं होतं. मालकाचा आवाज आला, की एवढीच माणसं आहेत. एका गार्डा बाईनं अक्काचे कागद पाहिले आणि म्हणाली, तुमचं सगळं ठीक आहे, तुम्ही कामाला जाऊ शकता.

अक्का उठली नाही. तिनं मोठ्यानं विचारलं, "कोण राहिलं?"

त्या दोन शब्दांचा अर्थ तिथल्या प्रत्येक कामगाराला माहीत होता, आणि कोण राहिलं तेही. गाड्या दिसताच मालकानं लुसियाला खुडलेला माल ठेवायच्या थंड खोलीत कोंबलं होतं आणि बजावलं होतं, मी सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही. उकाड्यात काम करणारी पोरगी, अंगात पातळ टी-शर्ट.

"मेधा, सायबास्नी सांग, एक माणूस राहिलंय. बर्फाच्या खोलीत."

"अक्का," मी घाईघाईनं म्हटलं, "मालक तुझ्यासमोर आहे ना? तुझं परमिट त्याच्या नावावर आहे. आणि लुसियाला हे लोक धरतील."

"मला ठाव हाय. पर ती गारठून मेली तर कागद कुणाचं बघायचं? सांग तू."

मी सांगितलं. खुर्च्या सरकल्या, पावलं पळाली, लांब कुठेतरी थंड खोलीच्या पंख्यांची घरघर मोठी होऊन बंद झाली. मग रडण्याचा आवाज जवळ जवळ आला, आणि त्यावर अक्काचा, "ये. बस हितं. हे जाकीट घाल. आधी बस." लुसिया मला पुढे म्हणाली, दारात अक्का दिसली तेव्हा मनात आलं, संपलं सगळं. आणि त्याच क्षणी असंही आलं, की वाचले.

कुणीतरी लुसियाकडे पासपोर्ट मागितला. त्यावर मला जो आवाज ऐकू आला तो मी झोपेतही ओळखीन. अक्काच्या स्टीलच्या डब्याची कडी उघडल्याचा खटका. तिनं आपली भाकरी आणि ठेचा त्या पोरीपुढे मांडला होता.

"मेधा, नीट सांग त्यास्नी. आमच्यात भरल्या ताटावरनं वैऱ्यालाबी उठवत न्हाईत. पोरगी जेवंल, मग तिला काय ते इचारा. तवर मला इचारा. मी मोकळी हाय."

हे मी सरकारी अधिकाऱ्यांना इंग्रजीत कसं सांगितलं, देव जाणे. मग गार्डा बाईचा आवाज आला, "असू दे. जेवू द्या तिला." आणि खुर्ची ओढल्याचा आवाज. समोर ताट वाढलं की इथलाही माणूस मवाळ होतो, हे अक्कानं मायकेलवरूनच ताडलं असणार.

लुसियानं ती एक भाकरी पुरवून पुरवून खाल्ली. ठेच्यानं तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि अधिकाऱ्यांना वाटत होतं ती भीतीनं रडतेय! "सावकाश खा, बाळ," अक्का मधूनमधून म्हणत होती, आणि तेवढ्यात कामगार तपासनिसाला एकेक गोष्ट सांगत होती. कापलेली सुट्टी. न पाठवलेले कागद. थंड खोलीत कुणी डांबलं. मी भाषांतर करत होते. मालक मध्ये दोनदा म्हणाला, माल खराब होतोय, अळंबी उमलून जातील. "उमलू देत," अक्का म्हणाली, "छत्र्याच हायत." ते मी भाषांतरात गाळलं.

आणि मग थायलंडची एक बाई हळूच बोलायला लागली. तिच्यानंतर युक्रेनचा थोरला भाऊ. एकेक करून सगळे. तपासनीस लिहून घेत होता. आले होते ते कामगार धरायला, आणि त्या जोडलेल्या टेबलांशी बसून ऐकत होते मालकाची कहाणी. मी माझ्या रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून त्या फोनला अक्षरशः हात जोडले. एवढं धैर्य मी आयुष्यात दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही, आणि त्या बाईला ते धैर्य आहे हे गावीही नव्हतं. तिच्या लेखी ती फक्त वाढत होती.

लुसियाला त्या दिवशी नेलं नाही. पुढे हजर राहायला सांगितलं. स्वतःची चूक नसताना ज्यांची मुदत हुकते, त्यांच्यासाठी इथे वेगळं परमिट असतं. बरेच महिने लागले, पण तपासनिसाच्या त्या नोंदींमुळे तिला ते मिळालं. आता ती गॉलवेकडच्या एका रोपवाटिकेत आहे.

अक्काला मालकानं काढून टाकलं नाही. तेवढा तो मूर्ख नव्हता. काम कमी झालंय म्हणाला, मग काम नाहीच म्हणाला. मी तिला गाडीत घालून फार्ममागून फार्म पालथे घातले. तिच्या हाताचं सगळे कौतुक करायचे आणि नंतर कळवतो म्हणायचे. तिची गोष्ट आमच्या गाडीच्या आधी पोचलेली असायची. मुदत संपली.

ती बॅग भरत होती तेव्हा माझा बांध फुटला. "हा कुठला न्याय गं अक्का? जिच्याकडे कागद नव्हते तिला इथे जागा मिळाली, आणि जिचे कागद चोख, तिनं चालू पडायचं? गप्प बसली असतीस तर?"

ती साडीची घडी घालत राहिली. "अगं, वाढणारी शेवटी बसती," म्हणाली. "कवा कवा तिच्यापतूर भात उरत न्हाई. म्हणून काय वाढायचं सोडती व्हय?"

मी रडले. ती नाही. उलट माझ्या डब्यांना जाता जाता पुन्हा एकदा नावं ठेवली.

यंदाच्या गणपतीला तोच हॉल. लुसिया गॉलवेहून आली होती. मायकेल गाडीत बसला नव्हता; इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी आत येऊन बसला होता. आरती झाली, पानं वाढली, आणि कुणी घास उचलेना. पोरंसुद्धा थांबली. शेवटी मायकेलच उभा राहिला, दाराकडे बघून आला आणि आपल्या उच्चारात म्हणाला, "कोन रायला?"

मी मिरजेला फोन लावला. स्पीकरवर टाकला. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "सगळी बसली व्हय गं? कोण राहिलं?"

"तूच की, अक्का."

मग नेहमीचा खणखणीत आवाज आला. "मग झाकून ठिव. येती."

लुसियाला मी काही सांगायच्या आधीच तिनं एक पान वाढायला घेतलं होतं. मसालेभात, भाजी, कडेला ठेचा. त्यावर तिनं दुसरं ताट पालथं घातलं, आणि मग आम्ही जेवायला बसलो.