तोंड हुंगणारी मावशी

आमच्या गल्लीतली मावशी दर रविवारी चर्चच्या दारात उभी राहून पुरुषांची तोंडं हुंगायची! चक्क हुंगायची हो! धिप्पाड गडी तिच्यापुढं 'हाऽ' करून उभे राहायचे. दारूचा नुसता संशय आला तरी ती गरजायची, "व्हा घरी! पिऊन देवाच्या दारात पाय ठेवायचा नाय!" पाळकसाहेब आतून विनवायचे, "अहो मावशी, येऊ द्या त्याला." पण ऐकेल ती मावशी कसली!

उपास, प्रार्थना, डोक्यावरचा पदर, सगळ्यात बाई कडक. शेजारणीनं दिवाळीचा फराळ पाठवला, तर ताट तसंच परत. आणि हीच बाई दिवसभर मिश्री लावायची! तिनं तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की अख्खी गल्ली शिंकायची. कुणी चिडवलं तर उसळायची, "ते व्यसन हाय व्हय? दात घासते मी!"

दुष्काळाचं साल होतं. आमचं शहर बिडकीन गावाकडं पसरत होतं, नवनव्या कंपन्या येत होत्या आणि आमच्या नळाला थेंब नव्हता. मावशीचा जावई तिकडच्याच एका कंपनीत. पगार झाला की पिऊन पडायचा. शेवटी मार्था, तिची एकुलती एक लेक, पोराला कडेवर घेऊन माहेरी आली. "मी आता नांदायला जात नाय," म्हणाली. जावई समेट करायला रविवारी चर्चमध्ये यायचा आणि सासू त्याला दारातूनच हाकलायची.

एकदा तो मार्थाला न्यायला आला आणि टँकरच्या रांगेतच सासूला सगळ्यांदेखत म्हणाला, "मामी, तुम्ही मिश्री सोडा, मी दारू सोडतो. बोला!" आम्ही हंडे विसरून बघत राहिलो. मावशी फणकारली, "त्यात काय? ही सोडली!" आणि कमरेची डबी काढून तिनं गटारात भिरकावली. काय तो तोरा!

पहिला दिवस तोऱ्यातच गेला. दुसऱ्या दिवशी ती डोकं धरून बसली, मार्थावर खेकसली, प्रार्थनेत तिला शब्द सुचेनात. शनिवारी मात्र, जिचं ताट परत केलं होतं, त्याच शेजारणीच्या दारात जाऊन तिनं चिमूटभर मिश्री मागितली.

रविवारी जावई आला. गडी प्यायलेला नव्हता. त्यानं सवयीनं तोंड उघडलं आणि मावशी एकदम रडायलाच लागली. "जावईबापू, आधी माझं हुंगा. मी हरले. मला वाटायचं, तुम्ही मस्तीनं पिता. हे लई अवघड हाय हो!" त्याचा हात धरून ती आत गेली आणि सगळ्या मंडळीसमोर म्हणाली, "आज माझ्यासाठी प्रार्थना करा." इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्याच पापांसाठी प्रार्थना करत आलेली! मला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

जावई त्यानंतरही घसरला, पण सावरला. मार्था नांदायला गेली. मावशीची मिश्री काही सुटली नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेले, तेव्हा माझा हात दाबून हसली.

"देवानं जावयाचं ऐकलं, माझं नाय ऐकलं. बरं झालं बाई. माझी सुटली असती, तर तुम्हाला कुणाला जगू दिलं असतं का मी?"