जिवंत माणसाचं तेल

डॉक्टरांनी अंतोनच्या पोटावर उजव्या बाजूला बोटं दाबली, जीभ बाहेर काढायला लावली आणि म्हणाले, ‘टायफॉईड है.’ माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं असावं की माझ्या डोक्यात काही शिरलेलं नाही. मग म्हणाले, ‘मियादी बुखार. मुदतका ताप. समझे?’

मुदतीचा ताप मला ठाऊक होता. आपली मुदत पुरी केल्याशिवाय तो उतरत नाही, आणि कधीकधी माणसाची मुदत आधी संपते.

अंतोन म्हणजे माझे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, पण कागदावर नुसतं ‘हे’ लिहिलं तर कोण हे, कसं कळायचं? म्हणून लिहिते. ही हकीकत मी ज्यांच्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय त्यांच्यासाठी सांगते आहे. सुखी माणसानं वाचली नाही तरी चालेल.

आमचं गाव खटकचिंचोळीपासून दोन कोसांवर. निजामाचं राज्य होतं तेव्हा. गावाच्या कडेला मिशनचं देऊळ, त्याला लागून शाळेची खोली आणि एक लांबोडका दवाखाना, त्यात सहा खाटा; त्यातल्याच एकीवर अंतोन पडले होते. फादर इटलीचे, सिस्टर मंगळूरकडच्या. बीदरहून सरकारी डॉक्टर अधूनमधून येऊन जायचे. आमची क्रिस्ती घरं वीस-पंचवीस. प्लेगच्या सालात सगळं गाव रानात झोपड्या घालून राहायला गेलं होतं आणि आजाऱ्यांना घरात टाकून गेलं होतं. त्या वेळचे फादर एकटे त्यांच्याजवळ राहिले. जे वाचले त्यांनी पुढं बाप्तिस्मा घेतला. माझे सासरे त्यातलेच एक.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, ‘याची आतडी आता ओल्या कागदासारखी झालीत. भाकरीचा तुकडा गेला तरी फाटतील. त्याला परफोरेशन म्हणतात, म्हणजे आतड्याला भोक पडणं. मग कुणाच्याच हातात काही नाही.’

मी विचारलं, ‘औषध?’

‘औषध नाही. सेवा आहे.’

आता गोळ्या निघाल्यात म्हणतात. तेव्हा सेवा म्हणजे उकळून गार केलेलं जवाचं पाणी, ताकाची निवळी, साखरेचं पाणी. दर तासाला दोन चमचे. डोक्यावर ओल्या पट्ट्या. बास. बाकी बघत बसायचं. माणूस डोळ्यांदेखत वाळत जातो आणि तुमच्या हातात एक चमचा असतो, याच्यापेक्षा नांगराला जुंपलेलं बरं.

त्यात बघायला येणारी माणसं. जितकी तोंडं तितके उपाय. कुणी म्हणे लसूण, कुणी म्हणे हुमनाबादच्या वैद्याची पुडी, कुणी म्हणे जरा ज्वारीच्या कण्या द्या, माणूस उपाशी कसा उठंल? भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. आत्या, म्हणजे माझी सासू लुसियाबाई, एका हातानं जपमाळ ओढायची आणि फादरांची पाठ वळली की दुसऱ्या हातानं मीठ-मोहऱ्या उतरवून टाकायची. तिचं मला कधी वाईट वाटलं नाही. एकुलत्या लेकासाठी तिनं अजून दहा देव धरले असते.

दुसऱ्या आठवड्यात डिलिरियम सुरू झाला, म्हणजे वात. अंतोन खाटेवर पडल्या पडल्या नांगर धरायचे, बैलांना शिव्या द्यायचे, चादरीतून काहीतरी वेचत राहायचे. आमची रोजा चार वर्षांची. ती दारात उभी राहून बापाकडं बघायची आणि बाप तिला कुणाची म्हणून विचारायचा. एकदा मी भिंतीशी तोंड करून रडले, तर सिस्टर म्हणाल्या, ‘रड, पण चमचा चुकवू नको.’

मग एका सकाळी खाटेखाली रक्त दिसलं. हेमरेज, सिस्टर म्हणाल्या. आतड्यातून रक्त जायलंय. नाडी हाताला लागेना. त्यांनी फादरांना बोलावलं.

फादर जांभळा पट्टा गळ्यात घालून आले. अंतोनच्या डोळ्यांना, कानांना, नाकाला, ओठांना, हातांना, पायांना आजाऱ्याला लावायचं ते पवित्र तेल लावलं, लॅटिनमधली प्रार्थना म्हटली, आणि दर वेळी कापसानं पुसून घेतलं. अंतोन शांत झाले. फादरांना हुलसूरकडं एका गावाला जायचं होतं, तिथं माणसं खोळंबली होती. ते घोड्यावरून निघाले. थोड्या वेळानं शेजारच्या गावाहून बाळंतिणीसाठी गाडी आली. मूल आडवं होतं. सिस्टरनी माझ्या हातात वाटी दिली. म्हणाल्या, ‘दर तासाला दोन चमचे. मी येईपर्यंत.’ आणि गेल्या.

आता इथं आमच्या लोकांची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडची जमीन म्हणजे वर वीतभर माती आणि खाली तांबडा खडक. कबर खणायला दिवस जातो, कधी दीड. उन्हाळ्यात मढं तेवढं थांबत नाही. म्हणून फादरांनी तेल लावलं की गल्लीतली पोरं पहारी घेऊन कबरस्तानात जायची. कुणाला सांगावं लागत नसे. अंतोन स्वतः किती जणांसाठी असे गेले होते. त्यापायी झालं काय, की फादरांना बोलवायला सगळे घाबरायचे. घरघर लागल्यावरच बोलवायचे. तेल लागून दुसरा दिवस बघितलेला माणूस आमच्या वस्तीत कुणी पाहिलाच नव्हता. आणि आमच्या जुन्या माणसांच्या मनात आणखी एक बसलेलं होतं. बाप्तिस्मा घेतला तरी आज्या-पणज्यांचं गंगेचं पाणी काही डोक्यातून गेलं नव्हतं. गंगेचं पाणी तोंडात पडलं की मग अन्न नाही. तसंच त्यांनी तेलाचं धरलं होतं.

मी पहिला चमचा भरला तर आत्यानं माझं मनगट धरलं.

‘काय करायलीस?’

‘जवाचं पाणी आत्या. सिस्टरनी सांगितलंय.’

‘तेल लागलंय त्या ओठाला, मार्था. आता त्येच्यावर दुनियेचं अन्न घालू नगं. माझ्या लेकाचा जीव अडकून ऱ्हाईल.’

‘अवं, पण ते जित्ते हायत!’

‘व्हय, जित्ता हाय. जायलाय. त्येला जाऊ दे.’ आणि तिनं वाटी उचलून बाहेर नेली.

हे ती दगडासारखी बोलली असं समजू नका. पोटच्या पोराला उपाशी ठेवणं म्हणजेच त्याच्यावर माया करणं, असं तिला मनापासून वाटत होतं. अशा माणसाशी भांडणार कसं? दुष्ट असती तर मी तिचे केस धरले असते.

धाकटा चुलत दीर पास्कल आणि आणखी दोघं आले. त्यांनी जमीन सारवून घेतली आणि अंतोनना खाटेवरून उचलून भुईवर ठेवलं, पाय दाराकडं करून. मी म्हटलं, ‘भावजी, डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितलंय.’ पास्कल म्हणाला, ‘वहिनी, आता डॉक्टरचं काय ऱ्हायलंय?’ एक शेजारीण माझ्या बांगड्यांकडं बघत बसली. आणि मग कबरस्तानाकडून आवाज यायला लागला. ठक. ठक. ठक. खडकावर पहार.

अंतोननी डोळे उघडले नाहीत. पण प्रत्येक आवाजाला त्यांची पापणी हलायची. मी बघितलं. मी सगळ्यांना सांगितलं की त्यांना ऐकू येतंय. कुणी ऐकलं नाही. दुपारी त्यांची जीभ बाहेर आली आणि ओठावरनं फिरली.

‘आत्या, त्यांना तहान लागलीय.’

‘जाताना समद्यांनाच लागते, बाई.’

मी तिच्या पाया पडले. ती पण रडायला लागली. आम्ही दोघी त्या भुईवर, त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून रडलो, आणि मधे तो माणूस तहानेनं ओठ चाटत होता. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये.

पाजायला बंदी होती, पण कपाळावर पट्टी ठेवायला कुणी बंदी केली नव्हती, कारण त्याबद्दल कुणाचा काही नियमच नव्हता. पट्टीचं पाणी सिस्टरनी सकाळीच उकळून ठेवलेलं होतं. मी पट्टी बुडवायची, न पिळता कपाळावर ठेवायची, आणि पाणी नाकाच्या कडेनं ओघळून ओठापर्यंत यायचं. बरंचसं मानेखाली जायचं. थोडं तोंडात जायचं. गळ्याची घाटी हलली की मी पुन्हा पट्टी बुडवायची. सून नवऱ्याचं कपाळ पुसायलीय म्हणून सगळ्यांना कौतुकच वाटत होतं. त्यानं ते तगले की नाही, मला माहीत नाही. पुढं डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी नुसते हात वर केले.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर सिस्टर परतल्या. रिकामी खाट बघून दारातच थबकल्या. मग भुईवर बसून त्यांनी नाडी धरली, किती तरी वेळ धरली, आणि ताडकन उठून कानडीतून काय काय बोलल्या ते मी लिहीत नाही. सिस्टरनं असं बोलू नये. मराठीत एवढंच म्हणाल्या, ‘वाटी कुठं आहे?’

तेवढ्यात फादर आले. ते कबरस्तानावरूनच आले होते. तिथं कंबरभर खड्डा बघून त्यांना वाटलं होतं सगळं आटोपलं. अंतोनचा श्वास चाललेला बघितला आणि ते खाली बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू बोलले, त्यांच्या त्या मोडक्या मराठीत.

‘हे तेल जिवंत माणसाचं आहे. मेलेल्याला मी तेल लावत नाही. आजारी माणसाला बळ मिळावं म्हणून हे तेल. लुसियाबाई, तुझा नवरा प्लेगमध्ये पडला होता. गावानं त्याला मेलेला धरला होता. त्याला कुणी पाणी पाजलं?’

आत्यानं बाहेर नेलेली वाटी आत आणून ठेवली.

‘चूक माझी पण आहे,’ फादर म्हणाले. ‘मी लॅटिनमध्ये बोलतो आणि घोड्यावर बसतो. काय बोललो ते सांगत नाही.’ मग पास्कलला म्हणाले, ‘खड्डा बुजवा. ज्यांनी खणला त्यांनीच.’

आत्यानं सिस्टरकडून चमचा मागून घेतला. पहिले दोन चमचे सगळे गळ्यावर सांडले. तिसरा आत गेला.

अंतोन त्यानंतर आठवडाभर होते. ताप खाली आला. डोळ्यांत ओळख आली. पास्कल भीत भीत समोर येऊन उभा राहिला, तर अंतोन बारीक आवाजात म्हणाले, ‘पहार तिरपी कामून मारायलास रं? खडकाची शीर बघून मारावी. येवढा येळ लागतोय व्हय?’ पास्कल ढसाढसा रडला आणि मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. रोजाला त्यांनी जवळ बसवून घेतलं. तिच्या नखांत माती आहे, पोरीकडं लक्ष नाही म्हणून मला रागं भरले. मला तो राग साखरेपेक्षा गोड लागला. मला वाटलं, जिंकलो.

मग एका दुपारी त्यांनी एकदम पोट धरलं. अंगाला गार घाम फुटला, पोट लाकडासारखं कडक झालं. सिस्टरनी हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. डॉक्टरांनी सांगितलेलं ते भोक पडलं होतं. हुमनाबादहून मोटारीनं बीदरला न्यावं का म्हणून मी विचारलं. ‘रस्त्यातच जाईल,’ सिस्टर म्हणाल्या. ‘इथं तुम्ही सगळे आहात.’ दिवस मावळायच्या आत अंतोन गेले. आत्याच्या हातात चमचा होता आणि तो भरलेला होता.

बुजवलेला खड्डा उकरायला कुणी धजेना, म्हणून कबर दुसऱ्या जागी पहिल्यापासून खणावी लागली. मढं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलं. आम्ही सगळे कडुनिंबाचा पाला घालून भोवती बसलो. कुणी कुरकुरलं नाही. तेव्हापासून आमच्या वस्तीत श्वास थांबल्याशिवाय कुणी पहारीला हात लावत नाही, आणि फादरांना लोक लवकर बोलावतात.

पुष्कळ जण मला विचारायचे, अखेर गेलाच ना, मग त्या आठवड्यानं काय मिळालं? आधी मला या प्रश्नाचा संताप यायचा. आता येत नाही. बाप पोरीची नखं बघतो, याला काही मिळवणं म्हणत असतील तर म्हणा. तो आठवडा त्यांचा होता. तो आधीच बुजवून टाकायचा हक्क आम्हाला कुणी दिला नव्हता. तुमच्या घरात कुणी पडलं असेल तर ‘वाचंल का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा, पण उत्तर येईपर्यंत चमचा खाली ठेवू नका. उत्तर वाईट आलं तरी ठेवू नका.

आत्या पुढं बरीच वर्षं जगली. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत, साखर मिळेनाशी झाली होती तेव्हा, तिनं अंथरूण धरलं. तिनं स्वतःच फादरांना निरोप धाडला. फादर म्हातारे झाले होते, पण या वेळी त्यांनी एकेक प्रार्थना मराठीतून समजावून सांगितली. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी पायाला तेल लावून झालं, फादरांनी हात पुसले. आत्यानं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं.

‘झालं न्हवं तेल?’ ती म्हणाली. ‘मग आता च्या टाक.’

मी चहा केला. तिला टेकवून बसवलं आणि बशी ओठाला लावली. अर्धी बशी प्याली आणि साखर कमी आहे म्हणून माझ्यावर चिडली.