आबांचं हरलेलं तिकीट

श्री. दिनकरराव मोरबाळे यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे. त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहायला बसताना ती चूक आधी कबूल करते, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल.

पशुवैद्यक म्हणून हातकणंगले तालुक्यात मी नवी होते. गाई-म्हशींत रुळले होते, घोडा मात्र कॉलेजच्या पुस्तकाबाहेर फारसा पाहिला नव्हता. एका सकाळी फोन आला, "घोडी लोळतीया, लगीच या." पत्ता विचारत गेले तर उसाच्या फडामागे पत्र्याची एक स्वच्छ पागा, आणि तिच्यात आठ उंच, सडपातळ घोडे. रेसमधून निवृत्त झालेले. पोटशूळ झालेल्या घोडीजवळ मी मोठ्या आत्मविश्वासाने गेले, ती उजव्या बाजूने. घोडीने अशी मुसंडी मारली की माझी पिशवी एकीकडे आणि मी दुसरीकडे. पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ शांतपणे पुढे आले, त्यांनी पिशवी उचलून झटकली आणि म्हणाले, "बाई, रेसची घोडी हाय ती. जन्मभर माणूस डाव्या अंगानंच आलाय तिच्याजवळ. तुमी उजवीकडनं गेलासा, तिला चोर वाटलासा."

ते मला हसले नाहीत की त्यांनी दुसरा डॉक्टर बोलावला नाही. घोडीचं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेऊन दुपारपर्यंत उभे राहिले. घोडी वाचली. जाताना त्यांच्या पत्नी कमलकाकींनी चहा दिला आणि दिनकरराव, म्हणजे सगळ्यांचे आबा, म्हणाले, "आता तुमी आमच्या घोड्यांच्या डॉक्टरीण." त्या दिवसापासून मी ती आहे.

आबांच्या कामाविषयी आपल्या मंडळींत बरेच गैरसमज आहेत, म्हणून ते नीट सांगायला हवं. आबांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं पुण्याला रेसच्या मैदानावर काढली. पण ते जॉकी नव्हते, ट्रेनर नव्हते. ते तिकिटाच्या खिडकीवर बसत. लोक घोड्यांवर पैसे लावत आणि आबा तिकिटं देत. पुढे ते त्या विभागाचे प्रमुख झाले. इतकी वर्षं हाताखालून पैजेचा पैसा गेला, पण त्यांनी स्वतः एकदाही घोडा खेळला नाही. खिडकीवरच्या माणसाने खेळायचं नाही, हा त्यांचा स्वतःशी केलेला करार होता. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तिकीट देताना ते हळूच विचारत, "घरचं भागलंय न्हवं?" त्यावर चिडणारे चिडत, पण काही जण मुकाट्याने मागे फिरत. या सवयीपायी वरिष्ठांची बोलणी खाल्ल्याचं आबा आजही अभिमानाने सांगतात.

माझे वडील शिक्षक होते, आणि जुगार या शब्दानेसुद्धा त्यांचं डोकं उठत असे. मुलगी जुगाऱ्यांच्या घोड्यांना औषधं देते हे कळल्यावर त्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. आबांच्या कानावर हे गेलं. एका रविवारी ते धोतर-टोपी घालून आमच्या घरी हजर. वडिलांनी बसा म्हणायच्या आतच सरबत्ती सुरू केली. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचं शंभर टक्के खरं हाय. जुगारच हाय त्यो. माझ्या खिडकीवर माणसं आयुष्यातनं उठल्याली बघितल्यात मी. पर घोड्याला कुठं ठावं हाय, की त्याच्यावर पैसं लागल्यात? त्यो आपला पळतोय. पळायचं थांबला की कुणी इचारत न्हाय त्याला." वडिलांनी तेव्हा कुठे त्यांना बसा म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्याबरोबर गुळाची एक ढेप धाडली. घोड्यांना गूळ बेताने द्यायचा असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर आबा गावी आले आणि मिळालेल्या पैशातून त्यांनी ही पागा उभी केली. जमीन आणि कष्ट त्यांचे, वैरणीचा मोठा भाग मात्र घोडेमालक आणि रेस क्लब यांनी मिळून चालवलेल्या एका निधीतून येई. हा निधी कुठून यायचा हे मला कळत नव्हतं. ते आबांनी एकदा शिकवलं, आणि असं शिकवणं मी पुन्हा पाहिलं नाही. पागेत काही मंडळी आली होती, त्यांत करखात्यातले एक तरुण अधिकारी होते, कुणाचे तरी जावई म्हणून आलेले. आबांनी कडब्याची एक पेंढी सोडली आणि धाटं मांडायला घेतली. "पावणं, ही सगळी पेंढी म्हंजे लोकांनी खिडकीवर लावल्याला पैसा. ह्यातली ही मोठी जुडी परत जितणाऱ्यांना. राहिली ती बारकी जुडी क्लबाची. घोड्यांची बक्षिसं, मैदान, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दारांचा पगार, घोड्यांचा दवाखाना, आन म्हाताऱ्या घोड्यांची वैरण, सगळं ह्या बारक्या जुडीत. आता सरकारचा कर. त्यो ह्या बारक्या जुडीवर असता तर चाललं असतं. पर त्यो लागतोय सगळ्या पेंढीवर. आन वाढत चाललाय."

त्यांनी कराची धाटं काढून बाजूला ठेवली. तेवढ्यात मागून राजा नावाच्या घोड्याने मान लांब केली आणि तो सरकारचा हिस्सा खाऊन टाकला. अधिकाऱ्यांसकट सगळे हसले. आबा हसले नाहीत. म्हणाले, "असं झालं असतं तर बरंच की. पर खरं असं होतंय, खेळणारा म्हणतोय, खिडकीवर एवढा कर कशाला भरू? फोनवर चोरून पैजा घेणारा बुकी हाय की. तितं कर न्हाय, पावती न्हाय. मग सरकारला बी न्हाय, क्लबाला बी न्हाय, आन घोड्याला तर न्हायच न्हाय." त्या तरुण अधिकाऱ्यांनी खिशातून वही काढली होती, पण काही लिहिलं नाही. निघताना त्यांनी राजाच्या मानेवरून हात फिरवला, डाव्या बाजूने.

आबा बोलले तसंच झालं. खिडकीवरची गर्दी ओसरली, क्लबचा वाटा आटला आणि निधीतून येणारी वैरण आधी निम्म्यावर आली, मग बंद झाली. तोवर आबांच्या पागेत अकरा घोडे होते. पागा बंद करायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. घोडे वरातीला द्या, किल्ल्यावर पर्यटकांना फिरवायला द्या, असंही सुचवून झालं. रेसच्या घोड्याचे पाय काचेसारखे, ते काम त्यांना झेपत नाही. आबा सकाळी पागेत यायचे, घोड्यांच्या बरगड्या हाताने चाचपायचे आणि घरी जायचे. त्या दिवसांत त्यांच्या तोंडची चेष्टा बंद झाली होती, आणि ते मला सहन होत नव्हतं.

आता माझी दुसरी चूक. ही पहिलीपेक्षा मोठी आहे.

आमच्या भागातला एक फोनवरचा बुकी, नाव लिहीत नाही, लोक त्याला अण्णा म्हणतात, मला रस्त्यात भेटला. म्हणाला, "बाई, आबांची घोडी उपाशी हायत म्हणं. एक ट्रक कडबा धाडतो. पुण्य लागंल." मी हो म्हटलं. पूर्ण जाणीव असताना हो म्हटलं. आबांना सांगितलं की एका बागायतदाराने वैरण दिली आहे. चार दिवस घोडे पोटभर खात होते आणि मी खूश होते. पाचव्या दिवशी ट्रकचा ड्रायव्हर राहिलेली ताडपत्री न्यायला आला आणि सहज बोलून गेला, "अण्णांनी इचारलंय, आनी लागंल काय?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, ठावं हुतं?" मी होकारार्थी मान हलवली. ते पागेच्या उंबऱ्यावर बसले. तिथूनच म्हणाले, "ह्याच घोड्यांच्या तोंडातलं काढून त्यो मोठा झाला, आन आता ह्यांनाच दान देतोय. आन मी घेतलं."

मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

कडबा निम्मा संपला होता, परत करायचा कसा? आबा पैसे घेऊन अण्णाकडे गेले. त्याने हात जोडले, "दिल्यालं परत घेत न्हाय आबा." आबा पैसे घेऊन परत आले. ते पैसे कुठले होते हे मला काकींनी सांगितलं. आबांना ऐकू कमी येत होतं. कानाच्या यंत्रासाठी त्यांनी पेन्शनीतून ते साठवले होते. मला वाटलं, बरं झालं, आता यंत्र येईल. पण आबा म्हणाले, "ह्यो आता अण्णाच्या कडब्याचा पैसा. त्यो ज्या खिडकीवर जायला पायजे हुता, तितंच जाईल. कर भरून."

ज्या माणसाने आयुष्यात घोडा खेळला नाही, तो पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर घोडा खेळायला निघाला होता.

सोबत मी गेले. चुकीची भरपाई म्हणून म्हणा किंवा ऐकू न येणाऱ्या माणसाला एकटं कसं पाठवायचं म्हणून म्हणा. रेल्वेत आबा रेसचं पुस्तक उघडून बसले आणि मी विचारलं, "आबा, जिंकला तर? पैसे परत येतील की." ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणून तर अब्यास चाललाय. हरणारं घोडं काढायला लई डोकं लागतंय बाई." एवढ्या वर्षांचा सगळा अनुभव पणाला लावून त्यांनी एक घोडी निवडली. सात वर्षांची, थकलेली, गेल्या कित्येक शर्यतींत मागे राहिलेली. आपल्याच जुन्या खिडकीसमोर ते रांगेत उभे राहिले. खिडकीवरची मुलगी त्यांना ओळखत नव्हती. तिने तिकीट दिलं. आबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं.

शर्यत सुरू झाली. लाउडस्पीकरवर काय चाललंय ते आबांना ऐकू येत नव्हतं आणि लांबचं दिसत नव्हतं. ते सारखं माझा हात धरून विचारत होते, "हरली न्हवं? हरली न्हवं?" मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "हरली आबा! शेवटची आली!" त्यांनी टोपी काढून नमस्कार केला. आम्हाला वेड लागलंय अशा नजरेने आजूबाजूचे लोक पाहत होते. सगळ्या मैदानात हरल्यावर आनंद झालेले आम्ही दोघंच असू.

तिथंच निघालो असतो तर गोष्ट संपली असती. पण आबांना घोडीला बघायचं होतं. ती हरावी म्हणून आपण तिच्यावर पैसे लावले, ही रुखरुख त्यांना लागली होती. आतल्या बाजूला मोतद्दार तिला फिरवत होता. आबांचा जुना ओळखीचा. म्हणाला, "ह्यो तिचा शेवटचा डाव हुता आबा. मालक काढून टाकणार म्हणतोय. कोण घेतंय बघायचं." घोडी घामाने निथळत होती. आबा डाव्या बाजूने तिच्याजवळ गेले. तिने आपलं कपाळ त्यांच्या छातीला लावलं आणि डोळे मिटले.

पुढचं आपण ओळखलं असेलच. तीन आठवड्यांनी ती टेम्पोतून उतरली. रेसमधलं लांबलचक इंग्रजी नाव आबांनी तिथल्या तिथे पुसलं आणि तिचं नाव चंद्री ठेवलं. काकी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "पैसं हरून आलासा ते आलासा, वर खाणारं तोंड बी घिऊन आलासा!" आणि आत जाऊन हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या.

एका तिकिटाने क्लबची तिजोरी भरत नाही, हे आबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. निधी अजून सुरू झालेला नाही. पण चंद्रीची हकिकत गावात पसरली, आणि आता दूध घालायला डेअरीवर येणारी माणसं दर गुरुवारी येताना पागेत एकेक पेंढी टाकून जातात. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्यांनी हरभऱ्याचा भार उचलला आहे. भागतं असं म्हणवत नाही, पण बारा घोडे उभे आहेत, आणि आबांची चेष्टा परत सुरू झाली आहे. लोक तबेल्यात जिंकलेल्या शर्यतीचा फोटो लावतात. आबांनी चंद्रीच्या खणात हरलेलं तिकीट काचेत बसवून लावलं आहे.

गौरव समितीने विचारलं, सत्काराला काय हवं, तेव्हा आबांनी अर्थातच कडबा मागितला. त्यांचं ऐकायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे. कडबाही मिळेल आणि कानाचं यंत्रही. हा लेख त्यांना वाचून दाखवला जाईल तेव्हा ते यंत्र कानात असेल, म्हणून शेवटचं थेट त्यांच्याशीच बोलते.

आबा, चंद्रीला मागच्या महिन्यात मी तपासलं. छाती चांगली आहे, पाय भरून येत आहेत, दात उत्तम आहेत. ती आता आठ वर्षांची आहे. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो, तीसही गाठतो, हे मी डॉक्टर म्हणून सांगते. ती उतरली त्या दिवशी तुम्ही तिच्या कानात म्हणालात, "तुझ्याआधी मी जाणार न्हाय," ते मी पाठीमागे उभी राहून ऐकलं आहे. तुम्ही दिलेला शब्द मोडत नाही. तेव्हा अजून किती वर्षं ठणठणीत राहायचं आहे ते तुम्हीच मोजा. रोज सकाळी ती दाराकडे मान करून उभी असते, आणि डावी बाजू मोकळी ठेवते.