मी ‘कच्ची’ लिहिलेली भिंत

मी पोशेऱ्याहून कल्याणला निघाले त्या सकाळी बा एसटीपर्यंत आला नाही. आमच्या घराच्या भिंतीसाठी दोन फळ्यांच्या मध्ये ओलसर माती टाकून तो लाकडी धुमसानं ठोकत होता. "मी आलो तं माती सुकंल," मान वर न करता म्हणाला. मला इतका राग आला की मी वळूनही पाहिलं नाही.

आमच्या पाड्यात भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. बा मजुरीला बाहेर गेला तिथं ही ठोकलेली भिंत शिकला. दगडी जोत्यावर हातभर जाड. थर आधी भदभद वाजायचा, मग टणटण. "माती बोलली का थांबायचा," एवढंच त्याचं माप.

आता मी ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात बसते. माझ्या भावाचा, रामाचा, घरकुलाचा फॉर्म मीच भरला. भिंत कशाची? मातीची. म्हणजे कच्चं घर. लिंपलेली काय, ठोकलेली काय, त्या फॉर्मला सगळी माती एकच! आणि मी शहाणी, टिक करून मोकळी झाले. इथं माझ्या पक्क्या खोलीत खिळा ठोकला की ओंजळभर प्लास्टर हातात येतं, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

मंजुरी आली. सपाट जागा तेवढीच, म्हणून बानं बांधलेलं तेच जुनं घर पाडायचं ठरलं. मी रजा काढून गेले. कौलं उतरवली आणि रामासकट तिघं पहारी घेऊन भिडले. दुपारपर्यंत भिंतीला थाळीएवढा खड्डा! पहार उलटी उडायची.

"ताई, ही कच्ची?" रामा माझ्यावरच खेकसला.

शेवटी बा उठला. भिंतीवरून हात फिरवत कोपऱ्यापाशी गेला. "मधी नका मारू. कोपऱ्यात धुमस नीट बसं नाय, माती कमी ठोकलीय. इथं मारा."

आणि पाठ करून बसला. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत भिंत पडली.

तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघांनाही सांगते. दिवसभर मी लोकांचे ‘कायमचे पत्ते’ टाइप करते. माझा लिहायची वेळ आली की अजून पोशेराच लिहिते, आणि स्वतःचाच संताप येतो. तिथं कायमचं असं जे होतं, ते मीच कच्चं ठरवलं.